पॉइंटर तपासला, म्हणजे नेमकं काय केलं?

19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, 85 लाख विंडोज संगणक निळे पडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. कोडनं यादीतून मागितलं 21वं मूल्य, पुरवलेली होती 20. पुढे मायक्रोसॉफ्टनं क्रॅश डंप उलगडून दाखवला, त्यातला एक तपशील फारसा कुणाच्या चर्चेत आला नाही. पॉइंटरमधल्या ज्या पत्त्यावरून वाचताना कर्नल कोसळलं, तो पत्ता शून्य तर नाही ना, हे आधी तपासलेलं होतं. शून्य नव्हताच तो, कचरा होता.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे आणखी कडक तपासणी: पत्ता द्यावा आणि वैध आहे की नाही ते सांगणारं फंक्शन असावं. विंडोजमध्ये ‘एमएमइजअ‍ॅड्रेसव्हॅलिड’ नावाचं तसं फंक्शन आहेही, आणि ते वापरू नका असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते. कारण उत्तर मिळतं ते त्या क्षणापुरतं. पुढच्याच क्षणी दुसरा थ्रेड ती मेमरी सोडून देऊ शकतो. लिनक्सही या वाटेनं जाऊन आलं आहे. वापरकर्त्याच्या प्रोग्रामनं दिलेला पत्ता हाताळण्याआधी जुनं ‘व्हेरिफाय_एरिया’ त्या प्रोग्रामच्या मेमरीचे नकाशे धुंडाळायचं. प्रोग्राम नीट लिहिलेला असेल तर ही सगळी मेहनत फुकट, आणि मोजणीत तिचा वेळ डोळ्यांत भरण्याइतका निघाला. मग लिनक्सचे जनक टॉरवाल्ड्स यांनी क्रमच उलटा केला. आधी विचारायचं नाही, थेट कॉपी करायची. पत्ता खोटा निघाला तर प्रोसेसर पेज फॉल्ट देतोच. फॉल्ट हाताळणारा कोड अडखळलेली सूचना एका तक्त्यात शोधतो, सापडली तर सावरणाऱ्या कोडकडे उडी मारतो आणि प्रोग्रामच्या हाती ‘ईफॉल्ट’ ही त्रुटी पडते.

मग तपासणीच नको का? तसं नाही. पत्ता जिवंत आहे का, हे हार्डवेअरवर सोडता येतं. तो कुणाच्या हद्दीतला आहे, हे सोडता येत नाही. लिनक्स 4.13 मध्ये ‘वेटआयडी’ या सिस्टम कॉलचं लेखन जलद करताना हद्द पाहणारं ‘अ‍ॅक्सेस_ओके’ राहून गेलं. प्रोग्रामनं कर्नलचाच पत्ता दिला की कर्नल निमूटपणे स्वतःच्या मेमरीत लिहायचं. फॉल्ट येणार कुठून, पत्ता तर अगदी धडधाकट! ऑक्टोबर 2017 मध्ये ती चूक सुधारली. त्याहून शहाणपणाचा बदल मला 2019चा वाटतो: हद्दीची तपासणी ‘यूजर_अ‍ॅक्सेस_बिगिन’च्या पोटातच घातली गेली, म्हणजे ती विसरायची सोयच उरली नाही.

फॉल्ट झेलण्याच्या या पद्धतीनं दोष झाकले जातात, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. म्हणूनच तक्त्यात मोजक्याच सूचना असतात, प्रामुख्यानं परक्या पत्त्याला हात घालणाऱ्या. कर्नलचा स्वतःचा पॉइंटर बिघडला तर सावरून घेणं म्हणजे आजार लपवणं. तिथं आरडाओरडा झालेलाच बरा. क्राउडस्ट्राइकचा पॉइंटर या दुसऱ्या जातीचा होता. त्याला विचारून काही कळणार नव्हतं, विचारायला हवं होतं ते यादीला: तुझ्यात मूल्यं किती? 25 जुलैला कंपनीनं ड्रायव्हरमध्ये घातलेली तपासणी नेमकी तीच होती.