विश्लेषण : ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफलमध्ये ‘बोल्ट अ‍ॅक्शन’च का दिसते?

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत नेमबाजी शिकला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक पटकावले. अंतिम फेरीत त्याचे गुण होते ४५१.४. दशांश गुणांनी पदक ठरणाऱ्या या खेळात रायफलच्या ‘अ‍ॅक्शन’चा वाटा किती?

अ‍ॅक्शन म्हणजे काय?

काडतूस नळीत बसवणे, मागून घट्ट बंद करणे, फोडणे आणि रिकामे काडतूस बाहेर काढणे, हे करणारी यंत्रणा म्हणजे अ‍ॅक्शन. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये हे काम दांडा हाताने पुढे-मागे करून होते.

अचूकतेशी संबंध कसा?

५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. ७० सेंटिमीटर नळीचे तोंड ०.१ मिलिमीटर हलले, तरी गोळी साधारण ७ मिलिमीटर सरकते. बोल्ट अ‍ॅक्शन काडतुसामागे घट्ट बसते आणि गोळी सुटताना तिचे जड भाग हलत नाहीत. ट्रिगर दाबल्यापासून काडतूस फुटेपर्यंतचा वेळही काही मिलिसेकंदांचा असतो. तो जितका कमी, तितका नेम ढळण्याचा धोका कमी.

इतर प्रकार मागे का?

पॉइंट टू टू सेमी-ऑटोमॅटिकमध्ये काडतूस फुटताच बोल्ट मागे सरकू लागतो. शिवाय काडतूस आपोआप आत जावे म्हणून नळीतील जागा किंचित सैल ठेवावी लागते. लिव्हर अ‍ॅक्शनमध्ये झोपून नेम धरताना लिव्हर खाली ओढायला जागाच मिळत नाही. बीएसए कंपनीच्या ‘मार्टिनी’ रायफलींनी मात्र बोल्टशिवायही अनेक दशके स्पर्धा गाजवल्या. म्हणजे खरे महत्त्व घट्ट बसणीला आणि चांगल्या ट्रिगरला आहे.

नियम काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार या प्रकारात प्रत्येक गोळी हातानेच भरावी लागते. त्यामुळे सेमी-ऑटोमॅटिकच्या वेगाचा इथे उपयोगच नाही. बर्फावरच्या बायथलॉनमध्ये वेळही मोजला जातो, म्हणून तिथे सरळ मागे ओढायचा झटपट बोल्ट वापरतात.

मग नवख्यांनी काय पाहावे?

चांगल्या अ‍ॅक्शननंतरचा फरक नळी आणि काडतुसे पाडतात. एकाच कंपनीच्या दोन लॉटमधील काडतुसेही एकाच रायफलमधून वेगळा निकाल देतात. म्हणून अव्वल नेमबाज लॉट तपासून घेतात. महागड्या अ‍ॅक्शनपेक्षा आपल्या नळीला मानवणारी काडतुसे आणि त्यांवरचा सराव, हा खर्च आधी करावा.