कायदा शेजाऱ्यासाठी, आपल्यासाठी नाही?

म्हादईच्या पाण्यासाठी आम्ही गोमंतकीय कर्नाटकाशी किती वर्षे भांडत आहोत, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी कळसा-भांडुरा प्रकल्पाबाबत कर्नाटकाला नोटीस बजावली. आधार कशाचा? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा. अभयारण्यात येणारा वा तेथून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह परवानगीवाचून वळवता येत नाही, असे त्याचे कलम २९ सांगते. नोटीस योग्यच होती. आम्हांला आनंदही झाला.

आता त्याच वर्षाचा जुलै पाहा. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै रोजी म्हादई आणि अन्य संरक्षित क्षेत्रे तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. कायदा तोच, फक्त कलम ३८-व्ही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची शिफारस आल्यावर राज्याला टाळाटाळ करता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. आणि आमचे सरकार धावले ते थेट सर्वोच्च न्यायालयात, या आदेशाविरुद्ध! २०२५ मध्ये तेथून विषय केंद्रीय अधिकारप्राप्त समितीकडे गेला. उद्या कर्नाटकाच्या वकिलाने विचारले, की ज्या कायद्याचा धाक आम्हांला घालता तो तुम्ही स्वतः किती पाळता, तर आम्ही काय उत्तर देणार?

गोव्यातला वाघ हा पाहुणा, तो येतो आणि जातो, असे सांगणारे आहेत. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे एक पट्टेरी वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. पाहुणी म्हणून आलेली वाघीण पिलांचे कुटुंब घेऊन फिरते काय? त्याआधी २००९ मध्ये केरीलाही वाघ मारला गेला होता. वाघ नाही म्हणायचे आणि वाघाची मढी मात्र उचलायची!

सत्तरीच्या माणसाची भीती मात्र आम्ही खोटी म्हणणार नाही. गोळावलीत विष घातले गेले ते वाघाने गुरे मारल्यावर. ते कृत्य अक्षम्यच. पण दुभते जनावर गेलेल्या घराला भरपाई कधी, किती आणि कोणाकडून, याचे उत्तर वेळेवर मिळाले पाहिजे की नको? म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये, राज्यपाल जेकब यांच्या काळात जाहीर झाले. २०८ चौरस किलोमीटर. कागदावर रेषा ओढली गेली, पण आतल्या लोकांचे हक्क ठरवण्याचे काम दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळले. काजूची बाग आपली की सरकारची, हे ज्याला ठाऊक नाही तो वाघाचे स्वागत कसे करील? वाघ्रोच्या दगडापुढे नारळ ठेवणारी ही माणसे, वाघाची वैरी नव्हेत.

येथेच पुढाऱ्यांची लबाडी आहे. उच्च न्यायालयाच्या त्याच निकालात अनुसूचित जमाती व अन्य वननिवासी यांचे दावे १२ महिन्यांत निकाली काढा, असेही म्हटले आहे. गाभा क्षेत्रातील स्थलांतर स्वेच्छेने आणि परस्परमान्य अटींवरच व्हावे, असे कायदा सांगतो. गावच्या सभेत हे कोणी वाचून दाखवत नाही. 'तुम्हांला हाकलून देतील' एवढेच सांगितले जाते, कारण घाबरलेला मतदार सोयीचा असतो.

म्हादई उगम पावते खानापूर तालुक्यात. तेथे २०११ पासून भीमगड अभयारण्य आहे. वाघाला सीमा ठाऊक नाही. तिकडच्या आमच्या मराठी बांधवांनाही हाच प्रश्न भेडसावतो.

सरकारने आपला विरोध सोडावा, सत्तरीत गावोगाव शिबिरे भरवून हक्कांचे दावे निकाली काढावेत आणि गुरांच्या भरपाईची मुदत ठरवून ती पंचायतीच्या फलकावर लावावी. सत्तरीतील आमच्या सभासदांनी येत्या ग्रामसभेत निकालाची मराठी प्रत मागावी आणि ती तेथे मोठ्याने वाचून घ्यावी.