रांगेतल्या जोडप्यांनो, उठा!

अग्नीच्या साक्षीने ज्यांनी एकमेकांचा हात धरला आणि कायद्यापुढे ज्यांना तो सोडावा लागला, अशा बंधूंनो आणि भगिनींनो, हे आवाहन तुम्हाला आहे. तुमच्यापैकी एक जण ग्रीन कार्ड घेऊन न्यू जर्सीत, डॅलसमध्ये किंवा सनीव्हेलमध्ये राहतो आणि दुसरी नाशिकला, साताऱ्याला, मडगावला दिवस मोजत बसते. कित्येक घरांत नेमके उलटे आहे. कार्ड तिच्याकडे आहे आणि तो पुण्यात थांबला आहे. तुम्ही चोरी केली नाही, खोटे कागद केले नाहीत, कुणाच्या कुंपणावरून उड्या मारल्या नाहीत. तुम्ही लग्न केले, ते नोंदवले, अर्ज भरला, शुल्क भरले आणि सांगितल्या जागी उभे राहिलात. तरीही आपल्याच जोडीदाराला पंधरा दिवस भेटून येण्याची परवानगी तुम्हाला मागावी लागते आणि मागितली की बहुधा नाकारली जाते. हे निमूटपणे किती काळ सोसणार?

आधी या अन्यायाची रचना डोळसपणे पाहा. एच-१बी व्हिसावर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, अमेरिकेत गेलेला तरुण गावी येऊन लग्न करतो. त्याची बायको एच-४ व्हिसा काढून त्याच्यामागोमाग जाऊ शकते. ‘तू परत येशील याचा पुरावा दे’ असे कायदा तिला विचारत नाही. अमेरिकी नागरिकाच्या पत्नीला किंवा पतीला वार्षिक संख्येची मर्यादाच नाही. पण तोच तरुण वर्षानुवर्षे राबून, एकेक टप्पा पार करून कायमचा रहिवासी झाला आणि मग बोहल्यावर चढला, तर त्याच्या पत्नीला ‘एफ-२ए’ नावाच्या रांगेत उभे केले जाते. तात्पुरत्या पाहुण्याला मुभा, नागरिकाला मुभा, आणि त्या देशाने ज्याला स्वतः होऊन ‘कायमचा राहा’ म्हटले, त्याच्याच संसाराला बेडी! हा कुठला न्याय? ही कुठली नीती?

या रांगेचा हिशोबही ऐका. रहिवाशांचे पती-पत्नी आणि अविवाहित मुले यांच्या वर्गाला कायदा वर्षाला १,१४,२०० व्हिसा देतो आणि त्यातले ७७ टक्के पती-पत्नी व अल्पवयीन मुलांसाठी राखतो. हा आकडा साऱ्या जगासाठी आहे आणि तो १९९० च्या कायद्याने ठरवला आहे. जग बदलले, माणसांची ये-जा वाढली, आकडा तिथेच राहिला. मग दर महिन्याला निघणारे आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली ते सांगणारे ‘व्हिसा बुलेटिन’ हेच आपल्या घरांचे पंचांग होऊन बसते. सासूबाई फोनवर विचारतात, “डेट पुढे सरकली का गं?” आणि सून सांगते, “नाही आई, तिथेच आहे.” तिथेच राहिली तरी बरे म्हणायची वेळ येते, कारण ही तारीख मागेही जाते. जुलै २०१९ पासून जवळजवळ चार वर्षे ही रांग वाहती होती. एप्रिल २०२३ मध्ये ती एका झटक्यात सप्टेंबर २०२० वर नेऊन ठेवली गेली. ज्यांनी घरे आवरली होती, नोकरीचे राजीनामे लिहिले होते, त्यांनी काय करायचे याचे उत्तर त्या बुलेटिनमध्ये नव्हते.

त्याहून मर्मभेदक गोष्ट लग्नाच्या तारखेची आहे. ग्रीन कार्ड मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी लग्न नोंदवलेले असेल, तर नोकरीच्या ज्या अर्जावर ते कार्ड मिळाले, त्यावरच पत्नीही मागून जाऊ शकते. तिला वेगळ्या रांगेत उभे राहावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी लग्न केले, तर वर्षांची ताटातूट. तोच वर, तीच वधू, तेच प्रेम, आणि मध्ये केवळ एक मध्यरात्र! ज्या मुहूर्तासाठी आपण गुरुजींकडे खेपा घातल्या, त्याला विचारतो कोण? शहाणी घरे आता आधी कोर्टात सही उरकतात आणि अक्षता नंतर टाकतात. ज्यांना हे कुणी सांगितले नाही, त्यांच्या अज्ञानाची शिक्षा मात्र दोन जिवांना भोगावी लागते.

रांग आहे तर रांग, थांबू, असे तुम्ही म्हणालात. तुमचा तो संयम मला ठाऊक आहे. पण थांबलेल्या माणसाला भेटीचीही बंदी का? अमेरिकेच्या कायद्यातले कलम २१४(ब) म्हणते की भेटीच्या व्हिसासाठी आलेला प्रत्येक जण तिथे कायमचा राहायलाच निघाला आहे असे धरून चालावे आणि तसे नसल्याचे त्यानेच सिद्ध करावे. आता वकिलातीच्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या मुलीची कल्पना करा. पहाटेच्या गाडीने आलेली, मोबाइल बाहेर ठेवून आत गेलेली, हातात प्लास्टिकची फाइल. फाइलमध्ये नोकरीचे पत्र, रजेचा मंजूर अर्ज, बँकेचे पासबुक, सातबाऱ्याची नक्कल, लग्नाचे फोटो. अर्जातच एक प्रश्न असतो: तुमच्यासाठी कुणी कायम वास्तव्याचा अर्ज केला आहे का? तिने खरे लिहिलेले असते, ‘हो’. दोन-तीन मिनिटांत मुलाखत संपते. फाइल उघडलीही जात नाही. हातात छापील कागद येतो, १८५ डॉलरचे शुल्क परत मिळत नाही आणि निर्णयावर अपील नाही. तिच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा कोणता ठरला? तिचे लग्न! मंगळसूत्र हाच आरोप आणि कुंकू हीच कबुली!

मग नवऱ्याने यावे, असे कुणी सहज म्हणेल. तो येतो. वर्षाच्या रजेतले दोन-तीन आठवडे घेऊन येतो आणि जेट लॅग उतरतो तोवर परतीचे वेब चेक-इन सुरू होते. जास्त राहावे तर तेही धोक्याचे. सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिला तर नागरिकत्वासाठी लागणारे सलग वास्तव्य तुटल्याचे गृहीत धरले जाते आणि परवानगीविना वर्षभर बाहेर राहिला तर कार्डच गमावण्याची पाळी येते. म्हणजे तिला जाता येत नाही, त्याला राहता येत नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरांत आता एक नवेच दृश्य दिसते. डोहाळजेवणाचा फुलांनी सजवलेला झोपाळा, हिरवी साडी नेसलेली लेक, आणि नवऱ्याच्या जागी उशीला टेकवून ठेवलेला टॅब. त्यातला तो भल्या पहाटेच्या अंधारात डोळे ताणून हसतो आहे. बायका ओटी भरतात, कुणीतरी टॅबलाही अक्षता लावते, सगळ्या हसतात, आणि आजी उठून आत निघून जाते. पुढे ते बाळ जन्मते आणि आईच्या कडेवर तेही त्याच रांगेत दाखल होते.

या महाराष्ट्राला समुद्रापलीकडचा संसार नवा नाही. १८८३ मध्ये अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी पतीशिवाय न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली, १८८६ मध्ये डॉक्टर झाली, आणि तिचे पती गोपाळरावही तिच्यापर्यंत पोहोचले. व्हिसा नावाची चीजच तेव्हा नव्हती. (चिनी मजुरांना मात्र ती उतरण्याच्या आदल्याच वर्षी त्या देशाने दार लावून घेतले होते, हे विसरू नये. दार लावण्याची सवय जुनी आहे.) १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानी माणसालाही बंदी आली. कॅलिफोर्नियातल्या मळ्यांत राबणाऱ्या पंजाबी शेतकऱ्यांना गावाकडच्या बायकांना आणता येईना, आणि १९४६ मध्ये दार किलकिले झाले ते वर्षाला अवघ्या शंभर माणसांसाठी. आपण ज्याला आपले वैयक्तिक दुर्दैव समजतो, ते शंभर वर्षांच्या कायद्यांनी घडवलेले आहे. कायद्याने घडवलेले कायद्याने मोडता येते. ते नशिबावर ढकलणे हा स्वतःचाच अपमान आहे.

न्यायालय तारील, या आशेवरही निवांत बसू नका. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सँड्रा मुन्योझ या अमेरिकी नागरिक स्त्रीच्या प्रकरणात सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. नागरिक पत्नीची ही कथा, तिथे कार्डधारकाला कोण विचारतो? १९४८ च्या मानवाधिकारांच्या जाहीरनाम्याचे सोळावे कलम कुटुंबाला समाजाचा मूलभूत घटक मानते आणि त्याच्या रक्षणाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकते. जाहीरनामा भिंतीवर राहिला आणि माणसे खिडकीपुढे. न्यायालयाने दार लावले असेल, तर उरतो तो कायदेमंडळाचा दरवाजा, आणि तो जनरेट्यानेच उघडतो.

परंतु रेटा द्यायचा तर आधी मान वर करावी लागते. आपल्याकडे व्हिसा रिजेक्ट झालेली मुलगी गल्लीतून खाली मान घालून चालते. शेजारीण विचारते, “अजून इथेच? सगळं ठीक आहे ना?” आणि त्या ‘ना’मध्ये अख्खा संशय भरलेला असतो. भगिनींनो, लाज तुम्ही का वाटून घेता? नकार तुमच्या चारित्र्याला मिळालेला नाही. आईबापांनो, लेकीला चार चुलत्यांपुढे लपवू नका. आणि एजंट नावाचा जो प्राणी कानात सांगतो, ‘लग्न लिहूच नका, अविवाहित लिहा’, त्याला उंबऱ्याबाहेर काढा. खोटे लिहिल्याचे उघड झाले तर आयुष्यभराची प्रवेशबंदी ओढवू शकते. पण मला भीतीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे जास्त वाईट वाटते. ज्या विवाहाच्या सन्मानासाठी लढायचे, तोच कागदावर नाकारायचा? सत्य लिहून नकार घेणे पत्करा आणि त्या नकाराचा कागद जपून ठेवा. तो पुढे कामी येणार आहे.

अशा रेट्यातून काही निष्पन्न होत नाही असे म्हणणाऱ्यांना इतिहासच उत्तर देतो. डिसेंबर २००० मध्ये याच रांगेसाठी ‘व्ही’ नावाचा व्हिसा निर्माण झाला. तीन वर्षे थांबलेल्या पती-पत्नींनी अमेरिकेत येऊन राहावे, काम करावे आणि उरलेली प्रतीक्षा एका छपराखाली करावी, अशी सोय झाली. पण ती २१ डिसेंबर २००० पर्यंत अर्ज झालेल्यांपुरतीच, आणि ती तारीख आजही तिथेच गोठलेली आहे. नवे काही शोधून काढायचे नाही, ती तारीख पुसायची आहे! २०१३ मध्ये अमेरिकी सेनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी एक व्यापक विधेयक संमत केले. त्यात कार्डधारकाच्या पत्नीला नागरिकाच्या पत्नीप्रमाणेच मर्यादेबाहेर ठेवले होते. दुसऱ्या सभागृहाने ते मतालाच घेतले नाही. आणि एच-४ वरच्या विवाहितांचे उदाहरण तर आपल्या घरातलेच आहे. पदव्या असून घरी बसवलेल्या त्या स्त्रिया बोलू लागल्या, लिहू लागल्या. नियमाच्या मसुद्यावर सुमारे १३,००० अभिप्राय आले, आणि मे २०१५ पासून त्यांच्यातल्या पुष्कळ जणींना नोकरीचा परवाना मिळाला. तो त्यांना कुणी दयेने दिला नाही.

कार्डधारक बंधूंनो, तुम्हाला मत नाही, म्हणून तुम्हाला आवाजही नाही असे कोणी सांगितले? तुम्ही कर भरता. जनगणनेत तुमचे डोके मोजून त्या राज्याच्या प्रतिनिधींची संख्या ठरते. अठरा ते पंचवीस वयाच्या पुरुषाला, तो कार्डधारक असला तरी, सैन्यभरतीच्या नोंदवहीत नाव घालावेच लागते. युद्धासाठी तुमचे नाव हवे आणि तुमची पत्नी नको? हा प्रश्न आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आणि नागरिक झालेल्या मराठी माणसांनो, तुम्ही पैलतीरी पोहोचलात म्हणून मागे वळून पाहायचे नाही काय? तुमच्या एका मताला जे वजन आहे, ते आमच्या शंभर अश्रूंना नाही. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात नाटक व्हावे, लावणी व्हावी, पुरणपोळीची पंगतही व्हावी. पण दोन वर्षांतून एकदा भरणाऱ्या त्या मेळ्यात या तुटलेल्या जोडप्यांसाठी एक तास मिळेल की नाही?

पंजाबी, तेलुगू, गुजराती, मेक्सिकन, फिलिपिनो, सगळे याच रांगेत आहेत. मराठी म्हणून वेगळी चूल मांडू नका, त्यांच्यात जाऊन मिसळा. प्रतिनिधीला पत्र साधे लिहा. लग्नाची तारीख, अर्जाची तारीख, नकारांचे कागद, मुलाचे वय, आणि शेवटी दोनच मागण्या: प्रतीक्षेतल्या जोडीदाराला भेटीच्या व्हिसासाठी कलम २१४(ब) च्या गृहीतकातून वगळा, आणि ‘व्ही’ व्हिसाची गोठलेली तारीख हटवा. पत्र प्रतिनिधीच्या स्थानिक कार्यालयात स्वतः नेऊन द्या, पोच घ्या, पंधरा दिवसांनी फोन करा, उत्तर नसेल तर पुन्हा करा. इकडे राहिलेल्या भगिनींनो, तुम्ही गावागावांत एकमेकींना शोधा, आपापले नकाराचे कागद एकत्र करा आणि त्यांच्या प्रती तिकडे धाडा. आणि येत्या गणेशोत्सवात, एडिसन असो की शिकागो, मंडळाच्या हॉलमध्ये चपला काढतात त्या दाराशीच एक टेबल टाका, त्यावर सह्यांची वही ठेवा, आणि पहिली सही मंडळाच्या अध्यक्षांकडून घ्या.