तीन लाइफ आणि एक नाणे

लाइफ, लेव्हल, एक्सपी, ग्राइंड, लूट बॉक्स. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या तोंडी हे शब्द दिवसभर असतात आणि घरातली मोठी माणसे त्यांकडे काणाडोळा करतात. तसे करणे परवडणारे नाही. खेळ बनवणारा आणि खेळणारा यांच्यात गेली पन्नास वर्षे जो व्यवहार चालत आला आहे, तो या शब्दांत नोंदला गेला आहे.

‘लाइफ’चे मूळ शोधायचे तर अमेरिकेतल्या पिनबॉलच्या यंत्रापर्यंत मागे जावे लागते. नाणे टाकले की ठरावीक चेंडू मिळत आणि ते संपले की ‘गेम ओव्हर’. हा जुगारच आहे असे मानून न्यूयॉर्क शहराने १९४२ ते १९७६ या काळात पिनबॉलवर बंदी ठेवली होती. मोजक्या चेंडूंचा हा हिशेब पुढे व्हिडिओ गेमने उचलला. १९७८ साली जपानच्या तैतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घडवला. त्यात खेळणाऱ्याला तीन तोफा मिळत. वरून उतरणारे शत्रू मरत जात तसे उरलेले अधिक वेगाने सरकत, कारण पडद्यावर काढायची चित्रे घटली की प्रोसेसरचा भार हलका होई. निशिकादो यांनी हा वेग तसाच राहू दिला, आणि खेळ शेवटाकडे अवघड होत जाण्याची रीत रुजली. यंत्राच्या मालकाला ती सोयीचीच होती. खेळ जितक्या लवकर संपेल तितके पुढचे नाणे लवकर पडे. पडद्याच्या वरच्या कडेला झळकणारा हाय स्कोअर हरलेल्याला पुन्हा खिशात हात घालायला लावी. नव्वदच्या दशकात आपल्या शहरांतल्या गेम पार्लरमध्ये ‘माझी लाइफ गेली’ म्हणणारी मुले हाच हिशेब शिकत होती.

‘एचपी’, ‘एक्सपी’ आणि ‘लेव्हल’ मात्र दुसऱ्या घराण्यातले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला. तो टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फाशांनी खेळायचा. हिट पॉइंट (एचपी), म्हणजे पात्र किती मारा सोसेल याचा आकडा, आर्नेसन यांनी युद्धनौकांच्या खेळाच्या नियमांतून आणला. अनुभवाचे गुण (एक्सपी) साठले की पात्राची पातळी (लेव्हल) वाढे, आणि ती वाढवायला आठवडे, महिने लागत. इथे नाणे टाकायची फट नव्हती. मित्रांसोबत लांबलेली संध्याकाळ हाच खेळाचा आनंद होता. मला हे घराणे अधिक उमदे वाटते.

खेळ घरच्या टीव्हीवर आला तेव्हा नाण्याचे कारण संपले. तरी १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये तीनच लाइफ राहिल्या, पार्लरची सवय लगेच सुटली नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’त खेळ सेव्ह करून दुसऱ्या दिवशी पुढे नेता येऊ लागला. २०१७च्या ‘सुपर मारिओ ओडिसी’त तर लाइफ मोजणेच बंद झाले; मारिओ मेला तर खेळातली दहा नाणी तेवढी जातात.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण २०१२ साली ‘कँडी क्रश सागा’ आला आणि लाइफ परतली. पाच लाइफ, गेलेली एक परत यायला अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे मोजा. ज्या फोनवर खेळ सुरू आहे तोच आता नाण्याची फट झाला होता. मोबाइलवरच्या फुकट खेळांनी दोन्ही घराणी एकत्र केली. पार्लरकडून लाइफची टंचाई घेतली, टेबलाकडून लेव्हलची ओढ घेतली. ग्राइंड म्हणजे गुणांसाठी तेच ते काम पुन्हा पुन्हा करणे; त्याचा कंटाळा बनवणाऱ्यानेच पेरायचा आणि तो टाळण्याचे बूस्टरही त्यानेच विकायचे. उरलेली जागा लूट बॉक्सने भरली. पैसे आधी द्यायचे, आत काय आहे ते नंतर कळणार.

पिनबॉलबद्दलचा जुना संशय यामुळे पुन्हा जागा झाला. जपानने २०१२ साली ‘गाचा’ या पैसे देऊन काढायच्या सोडतीच्या एका प्रकाराला मनाई केली. चीनने २०१७पासून अशा सोडतींमधली शक्यता जाहीर करणे सक्तीचे केले. बेल्जियमने २०१८ साली काही खेळांतले लूट बॉक्स जुगार ठरवले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. त्या बंदीच्या केंद्रस्थानी पैसे जिंकण्याची आशा आहे. लाइफ विकत घेणाऱ्या मुलाला काहीच जिंकायचे नसते, त्याला फक्त खेळत राहायचे असते. त्याच्यासाठी निदान दोन नियम तरी हवेत: प्रत्येक लूट बॉक्समधली शक्यता खरेदीच्या बटणाशेजारी, मुलाला वाचता येईल अशा भाषेत छापलेली असावी, आणि अल्पवयीन मुलाच्या खात्यावरून पालकांच्या संमतीशिवाय एकही लाइफ विकली जाऊ नये.