४८ वर्षं चाललेली चिप बंद झाली, पण तिच्यावर चालणाऱ्या मशीनचं काय?

महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलेला एखादा माणूस गाठा आणि त्याच्यासमोर फक्त "८०८५" एवढंच म्हणा. चेहरा बघण्यासारखा होतो. लॅबमधलं ते किट, हेक्साडेसिमलमध्ये एकेक आकडा टाकत केलेली साधी बेरीज, मध्येच लाईट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून, तोंडी परीक्षेत ४० पिनांची आकृती आणि बॅगेत रमेश गावकरांचं जाडजूड पुस्तक.

या गावकरांचं आणखी एक पुस्तक आहे, ते झेड-८० वर. झेड-८० म्हणजे ८०८५ चं चुलत भावंड. दोन्ही चिप १९७६ सालच्या आणि दोघींचं मूळ इंटेलच्या ८०८० या चिपमध्ये. फरक एवढाच की ८०८५ आपल्याकडच्या सिलॅबसमध्ये अडकून राहिली आणि झेड-८० जगभर फिरली.

आता झालं असं की, एप्रिल २०२४ मध्ये झेड-८० बनवणाऱ्या झायलॉग कंपनीने ग्राहकांना पत्र पाठवलं. काय घ्यायचं ते १४ जूनपर्यंत सांगा, त्यानंतर ऑर्डर घेणार नाही. १९७६ च्या जुलैमध्ये बाजारात आलेली चिप २०२४ पर्यंत विकली जात होती. दरवर्षी नवा फोन येतो त्या काळात ४८ वर्षं तोच माल विकायचा म्हणजे गंमत नाही.

सोशल मीडियावर या बातमीला "एका युगाचा अंत" वगैरे श्रद्धांजली वाहून झाली. पण बातमीतलं खरं वाक्य त्या पत्रातच होतं आणि त्याकडे फार कुणी बघितलं नाही. चिप जुनी झाली किंवा गिऱ्हाईक संपलं, असं कंपनीने म्हटलंच नव्हतं. आम्हाला ज्यांच्याकडून सिलिकॉनच्या चकत्या, म्हणजे वेफर, बनवून मिळतात तो कारखाना आता या मालासाठी काम करणार नाही, असं ते कारण होतं.

हे कारण का महत्त्वाचं आहे, ते समजायला आधी ही चिप एवढी चालली कशी ते बघावं लागतं.

फेडेरिको फॅजिन हा इटलीत जन्मलेला माणूस. १९७१ मध्ये इंटेलची ४००४ ही चिप आली, बाजारात विकला गेलेला पहिला मायक्रोप्रोसेसर. ती प्रत्यक्षात उतरवण्याचं काम फॅजिनचं. त्या चिपच्या कोपऱ्यात त्याने आपली आद्याक्षरंही कोरली होती. पुढे ८०८० चं कामही त्याच्याच हाताखाली झालं. पण त्या काळात इंटेलचा मुख्य धंदा मेमरीचा होता आणि प्रोसेसरकडे जोडधंदा म्हणून बघितलं जायचं. फॅजिन वैतागला, १९७४ मध्ये बाहेर पडला आणि राल्फ उंगरमन या सहकाऱ्यासोबत झायलॉग सुरू केली. पैसा लावला एक्सॉनने. हो, तीच तेलवाली एक्सॉन. इंटेलमधला मासातोशी शिमा हा जपानी इंजिनिअरही मागोमाग आला.

या मंडळींनी केलं काय? ८०८० मधल्या कटकटी काढून टाकल्या. ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज द्यावे लागायचे, झेड-८० एकाच ५ व्होल्टवर चालली. स्वस्त मेमरी वापरायची तर तेव्हा एक अडचण होती. ती मेमरी बारीक भोक असलेल्या बादलीसारखी असते, सतत भरत राहावं लागतं, नाहीतर साठवलेलं गळून जातं. त्यासाठी वेगळं सर्किट बसवावं लागायचं. झेड-८० ने त्या कामाचा मोठा भाग स्वतःकडे घेतला. आणि सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे ८०८० साठी लिहिलेले प्रोग्राम तिच्यावर जवळपास जसेच्या तसे चालायचे. म्हणजे नवं दुकान उघडलं आणि समोरच्या दुकानाचं गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून आत.

परिणाम असा की कमी भागांत कॉम्प्युटर बनायला लागला. कमी भाग म्हणजे कमी किंमत. १९७७ मध्ये अमेरिकेत टीआरएस-८० आला, मॉनिटर आणि कॅसेट रेकॉर्डरसकट ६०० डॉलरला. १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअरने झेडएक्स स्पेक्ट्रम काढला, साधं मॉडेल १२५ पौंडांना. घरातल्या टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून गेम लोड करायचा. असे ५० लाखांहून जास्त स्पेक्ट्रम विकले गेले. ब्रिटनमधली गेम बनवणाऱ्यांची एक अख्खी पिढी त्यावर तयार झाली. आर्केडमधला पॅकमॅनसुद्धा झेड-८० वरच पळायचा.

आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन "डीबी स्पेक्ट्रम प्लस" विकला. ज्यांच्या घरी तो होता ती मुलं त्या काळात कॉलनीत भाव खाऊन असणार, यात शंका नाही.

तिकडे पोलादी पडद्याआड तर वेगळीच कथा. पूर्व जर्मनीने परवाना वगैरे न घेता झेड-८० ची नक्कल केली, तिचं नाव यू-८८०. सोव्हिएत युनियनमध्ये हौशी मंडळी घरी बसून स्पेक्ट्रमच्या नकला जोडायची. नक्कल होणार हे शिमाला आधीच ठाऊक होतं. म्हणून त्याने चिपमध्ये काही चकवे पेरून ठेवले होते, मायक्रोस्कोपखाली एक दिसायचं आणि प्रत्यक्षात वेगळंच. या चकव्यांमुळे जपानमधल्या एका कंपनीचा सुमारे सहा महिन्यांचा वेळ गेला, असं त्याला नंतर कळलं.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी इंटेलची चिप घेऊन आला आणि घरगुती कॉम्प्युटरमधून झेड-८० हळूहळू मागे पडली.

मग पुढची तीस-चाळीस वर्षं ती करत काय होती? ती यंत्रांच्या पोटात जाऊन बसली. कारखान्यातले कंट्रोलर, मोजमापाची उपकरणं, संगीताचे सिंथेसायझर, सेगाच्या मेगा ड्राइव्हमध्ये आवाज सांभाळणारी दुय्यम चिप, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे ग्राफ काढणारे कॅल्क्युलेटर. साधारण साडेआठ हजार ट्रान्झिस्टर आणि ६४ केबी मेमरी, एवढाच तिचा आवाका. व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोही बहुतेक वेळा त्यात मावणार नाही. आयफोन १५ प्रोच्या चिपमध्ये १,९०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. पण तापमान बघून व्हॉल्व्ह उघडायला १,९०० कोटी लागत नाहीत. तिथे लागतं ते रोज तेच काम न चुकता करणं.

आता मुद्दा येतो त्या कारखान्याचा.

झायलॉगचे एकेकाळी स्वतःचे कारखाने होते. नंतर कंपनी हातोहात फिरली. आधी एक्सॉनकडे, पुढे आयएक्सवायएसकडे, २०१८ पासून लिटलफ्यूजकडे. मधल्या काळात स्वतःचे कारखाने गेले आणि चिप बाहेरून बनवून घेतली जाऊ लागली. जगातल्या बहुतेक चिप कंपन्या आज असंच करतात, त्यात वावगं काही नाही. पण मग तुमच्या मालाचं आयुष्य दुसऱ्याच्या मशीनवर ठरतं. त्या कारखानदाराचं गणित साधं असतं. जुनं यंत्र चालू ठेवायला सुटे भाग आणि माणसं लागतात आणि जागा अडते ती वेगळीच. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या थोड्याशा वेफरसाठी हे सगळं परवडत नाही.

दुसरीकडे हलवायचं म्हटलं तर चिपचा आराखडा नव्या कारखान्याच्या पद्धतीने पुन्हा बसवायचा, पुन्हा तपासायचा. एवढा खर्च काही डॉलरच्या चिपवर कोण करणार?

फटका बसतो तो शेवटच्या माणसाला. कारखान्यातलं यंत्र २५-३० वर्षांच्या हिशोबाने घेतलेलं असतं. त्यातली एक चिप बनायची बंद झाली की मालकापुढे दोन-तीनच वाटा उरतात. आधीच साठा करून ठेवायचा, सगळं कंट्रोल बोर्ड नवीन बनवून घ्यायचं, नाहीतर भंगारातून काढलेल्या चिप शोधायच्या. तिसऱ्या वाटेवर बनावट मालाचा धोका मोठा. जुन्या चिपवरचा छाप घासून नवा छाप मारण्याचा उद्योग जगभर चालतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एखादा बंद पडलेला आयसी शोधत फिरलेल्या रिपेअरवाल्याला ही डोकेदुखी समजावून सांगायला नको.

एका कंपनीच्या एका चिपपुरता हा प्रश्न असता तर सोडून दिला असता. पण २०२१ आठवा. गाड्यांचं वेटिंग महिनोन्महिने लांबलं होतं. त्या सप्टेंबरमध्ये मारुतीने सांगितलं की हरियाणा आणि गुजरातमध्ये नेहमीच्या ४० टक्क्यांच्या आसपासच उत्पादन होईल. महिंद्राने महिन्यातले साधारण सात दिवस वाहनांचं उत्पादन बंद ठेवण्याचं जाहीर केलं. तेव्हा अडलं होतं कशावर? मुख्यतः जुन्या पद्धतीने बनणाऱ्या, स्वस्त चिपवर. काच खाली-वर करणाऱ्या, एअरबॅग सांभाळणाऱ्या चिप. कोविडमध्ये गाडी कंपन्यांनी ऑर्डर रद्द केल्या, कारखान्यांनी ती जागा लॅपटॉप आणि फोनच्या मालाला दिली आणि मागणी परत आली तेव्हा जागा शिल्लक नव्हती. जुन्या पद्धतीचे कारखाने वाढवायला कुणी पैसे घातलेच नव्हते, कारण सगळ्यांचा डोळा सगळ्यात नव्या तंत्रावर होता.

म्हणून भारताच्या चिपची बातमी आली की कमेंटमध्ये जी टिंगल सुरू होते, ती मला पटत नाही. "जग ३ नॅनोमीटरवर आणि आपण १८० वर" ही ठरलेली कमेंट. सप्टेंबर २०२५ मध्ये सेमिकॉन इंडियात विक्रम ३२०१ ही चिप पंतप्रधानांना देण्यात आली, तेव्हाही ही तुलना झाली. मोहालीच्या सरकारी सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर पद्धतीने बनलेली ही चिप इस्रोच्या रॉकेटसाठी आहे. तिला रील चालवायची नाही. उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत चालायचं आहे आणि पुढची कैक वर्षं मिळत राहायचं आहे. ती आपल्याच कारखान्यात बनते, हाच तिचा मोठा गुण. ज्या मोहालीच्या कारखान्याला फेब्रुवारी १९८९ मध्ये लागलेल्या आगीने वर्षानुवर्षं मागे ढकललं, तिथून ही चिप येते हेही ध्यानात घ्यायला हवं.

धोलेऱ्यात टाटा आणि तैवानची पीएसएमसी मिळून ९१ हजार कोटींचा जो प्रकल्प उभारत आहेत, तोही २८ ते ११० नॅनोमीटरचा. त्याआधी २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉन तळेगावला की गुजरातला, यावरून महाराष्ट्रात जो राजकीय धुरळा उडाला, तो प्रकल्पही २८ नॅनोमीटरचाच होता. पुढे फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली, तो विषय वेगळा.

अर्थात नुसता कारखाना असून भागत नाही, हेही झेड-८० नेच दाखवलं. मोहालीचा खर्च सरकार उचलतं, गिऱ्हाईक इस्रो आहे. धोलेऱ्याला तशी सोय नाही. महिन्याला ५० हजार वेफरची क्षमता तिथे सांगितली आहे, ती भरायला गाड्या, मीटर, चार्जर बनवणाऱ्यांनी तिथून माल घ्यावा लागेल. तैवान किंवा चीनमधला माल थोडा स्वस्त मिळाला तर पुण्या-चाकणचे उद्योजक कुठून घेतील? सबसिडीच्या आकड्यांपेक्षा या प्रश्नावर जास्त बोलायला हवं. ते अजून फार होत नाही.

इकडे झायलॉगचं झेड-८० चं सुधारित रूप, ई-झेड-८०, अजून चालू आहे. आणि बंदची बातमी आल्यावर काही हौशी इंजिनिअरांनी वेगळाच उद्योग आरंभला. झेड-८० चा आराखडा पुन्हा लिहून काढायचा, सगळ्यांसाठी खुला ठेवायचा आणि एकाच वेफरवर अनेकांच्या चिप वाटून घेणाऱ्या योजनेतून तो छापून घ्यायचा. त्यासाठी त्यांनी निवडलेली पद्धत आहे १३० नॅनोमीटरची.