रंग एका क्लिकवर, नजर मात्र आपलीच!

गेल्या वर्षी आमच्या गॅदरिंगचं वेबपेज बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ‘तुला फोटोशॉप येतं ना, मग कर की!’ एवढीच पात्रता. दोन रात्री जागून मी वरून निळं आणि खाली पिवळं होत जाणारं झकास बॅकग्राउंड तयार केलं. त्यावर पांढऱ्या अक्षरांत कार्यक्रमपत्रिका टाकली. लॅपटॉपवर पेज असं काही झळकत होतं की मी स्वतःवरच खूश!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कट्ट्यावर मित्राने मोबाइलवर लिंक उघडली. बराच वेळ स्क्रीन कोरी. मग एकदाचे रंग उमटले. तो डोळे बारीक करून म्हणाला, ‘कलर लय भारी हाय रे, पण नाटक किती वाजता हाय तेच दिसंना!’ नाटकाची वेळ नेमकी खालच्या पिवळ्या पट्ट्यात होती. पिवळ्यावर पांढरी अक्षरं. दिसणार कशी?

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय. आपण सॉफ्टवेअर शिकतो, डिझाइन शिकत नाही. ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून अलगद दुसऱ्या रंगात जाणं, आता एका क्लिकचं काम आहे. पण तो कशासाठी, कुणासाठी आणि कुठल्या स्क्रीनवर, हे कुठलंच बटण सांगत नाही.

खरं तर परळीला ग्रेडियंट नवा नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेच्या दिवसांत गावात लागलेले फ्लेक्स आठवा. केशरीतून पिवळा, जांभळ्यातून गुलाबी. डीटीपीवाले दादा हे सगळं कोरलड्रॉमध्ये करतात. तिथे त्याला ‘फाउंटन फिल’ म्हणतात. त्यांचा हात कुठल्याही पदवीधर डिझायनरपेक्षा कमी नाही. पण फ्लेक्सची सवय वेबवर जशीच्या तशी चालत नाही. फ्लेक्सवरची अक्षरं फूटभर उंच असतात आणि त्याची फाइल दुकानातल्याच कॉम्प्युटरवर राहते. वेबपेजवरची अक्षरं मात्र तांदळाएवढी असतात आणि फाइलला प्रत्येक वाचकाच्या मोबाइलपर्यंत प्रवास करावा लागतो, तोही त्याच्या डेटापॅकवर.

हिशोबच करू. १९२० बाय १०८० पिक्सेलचं चित्र म्हणजे साधारण २० लाख ठिपके. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. म्हणजे कच्चं वजन सहा एमबीच्या वर. कॉम्प्रेस केल्यावर ते बरंच उतरतं, पण माझ्यासारखं त्यावर टेक्स्चर भुरभुरलं की पुन्हा फुगतं. हाच ग्रेडियंट सीएसएसमध्ये लिहिला तर एक ओळ पुरते, शंभर अक्षरांचीही नाही. रंग मग ब्राउझर स्वतःच भरतो, स्क्रीन छोटी असो की मोठी.

एके काळी हा पर्याय नव्हता. डिझायनर फोटोशॉपमध्ये एक पिक्सेल रुंदीची उभी पट्टी कापून ती पानभर रिपीट करायचे. २००८ मध्ये सफारीमागच्या वेबकिट इंजिनात सीएसएस ग्रेडियंट आले आणि हळूहळू सगळ्या ब्राउझरनी ते उचलले. तरी आपण अजून अख्खं चित्रच अपलोड करतो! माझं म्हणणं इतकंच, की सॉफ्टवेअर रंग ठरवायला वापरा आणि रंगवायचं काम ब्राउझरवर सोडा. फिग्मामधून तर ग्रेडियंटचा सीएसएस कोड थेट कॉपी करता येतो.

आता रंगांचं बघू. माझ्या निळ्या-पिवळ्या ग्रेडियंटच्या मधोमध एक मळकट पट्टा आला होता. मला वाटलं, लॅपटॉपच खराब झालाय. पण तो गणिताचा प्रताप होता. गडद निळा म्हणजे ०, ०, २५५ आणि पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. दोघांची सरासरी काढा. तिन्ही आकडे सारखे येतात, साधारण १२८. तिन्ही सारखे म्हणजे चक्क करडा! थर्मलच्या राखेचा रंग.

उपाय मला गावातच सापडला. संध्याकाळी थर्मलच्या चिमण्यांमागे सूर्य बुडतो तेव्हा वर निळं आणि खाली पिवळं-केशरी आकाश असतं. पण मध्ये असा मळका पट्टा नसतो, तिथे फिकट गुलाबीसर छटा असते. त्याचा फोटो काढला, आयड्रॉपरने मधला रंग उचलला आणि ग्रेडियंटच्या मधोमध तिसरा रंग म्हणून बसवला. करडा पट्टा गायब!

‘एवढी कटकट कशाला? टेम्प्लेट आहेत, एआय आहे,’ असं कुणी म्हणेल. जरूर वापरा, मीही वापरतो. पण म्हणूनच तर दहातल्या सात प्रोजेक्टचं बॅकग्राउंड तेच ते निळं-जांभळं वाटतं! उद्या पुण्यात इंटरव्ह्यूला कुणी विचारलं, ‘हाच रंग का घेतला?’, तर ‘टेम्प्लेटमध्ये होता’ असं सांगणार का?

आणि प्रश्न फक्त नोकरीचा नाही. आज गॅदरिंगचं पेज करणारी पोरं उद्या कॉलेजच्या प्रवेशाचं, शिष्यवृत्तीच्या सूचनेचं, गावातल्या दवाखान्याचं पेज करणार आहेत. माझ्या पेजमुळे फार तर कुणाचं नाटक हुकलं. तिथे अर्जाची शेवटची तारीख हुकेल. वेबच्या सुगम्यतेसाठी डब्ल्यूथ्रीसीने दिलेला मापदंड साधा आहे. नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि मागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा. तो मोजणारी टूल्स फुकट मिळतात. फक्त ग्रेडियंटवर मोजताना जिथे अक्षरं सगळ्यात पुसट दिसतात तिथे मोजायचं. कारण वाचकाला नेमकी तीच ओळ हवी असते.

माझी स्वतःची परीक्षा मात्र टूलच्याही पुढची आहे. पेज तयार झालं की घरातला सगळ्यात जुना मोबाइल घेतो, दुपारी बाराच्या उन्हात उभा राहतो आणि लिंक उघडतो. मग तो मोबाइल आईच्या हातात देतो. तिने चष्मा न शोधता तारीख आणि वेळ वाचली, तर पेज पास!

यंदाच्या गॅदरिंगचं पेजही मीच करतोय. फिकट आकाशी ते फिकट पिवळा, मध्ये आपल्या संध्याकाळची गुलाबी छटा आणि अक्षरं गडद निळी. काल मित्राला लिंक पाठवली. त्याचा मेसेज आला, ‘नाटक साडेसहाला. येतो.’ रंगांबद्दल एक शब्द नाही. यापेक्षा मोठी दाद कुठली?