बॅटरीलाही ऊन लागतं!

नवी गाडी घ्यायची ठरली की घरातल्या प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो. बाबा हप्त्याचा हिशोब मांडतात, आई डिकीत किती सामान मावतं ते बघते, आजींना पाय फार उंच न उचलता आत बसता यायला हवं असतं आणि मुलांचं लक्ष समोरच्या मोठ्या पडद्यावर. इलेक्ट्रिक गाडी असेल तर आणखी एक प्रश्न हमखास येतो, ‘एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जाते?’ सगळे प्रश्न रास्तच आहेत. पण नागपूर, चंद्रपूर, जळगाव, हैदराबाद किंवा जोधपूरला राहणाऱ्या कुटुंबानं त्याआधी विचारायला हवा असा एक प्रश्न मात्र बहुतेक जण विसरतात. मे महिन्यात या गाडीच्या बॅटरीला थंड कोण ठेवणार?

जीपसारखी उंच पण चालवायला मोटारीसारखी, पाच माणसं आणि सुट्टीचं सामान सामावून घेणारी गाडी म्हणजे क्रॉसओव्हर. आपल्याकडे इलेक्ट्रिक गाड्यांत याच प्रकाराला मोठी मागणी आहे. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही आली, जानेवारी २०२५ मध्ये ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक आली. मधल्या काळात एमजी, महिंद्र, बीवायडी यांनीही आपापल्या गाड्या आणल्या. पंधरा-वीस लाख रुपये म्हणजे मध्यमवर्गीय घराची कित्येक वर्षांची पुंजी असते, आणि त्या रकमेतला सर्वांत मोठा वाटा गाडीच्या तळाशी बसवलेल्या बॅटरीचा असतो. ती लवकर थकली तर गाडी नवी दिसत असूनही जुनी झालेली असते.

अॅरिझोनाचा धडा

ही नुसती पुस्तकी भीती नाही. डिसेंबर २०१० मध्ये निसान कंपनीनं अमेरिकेत ‘लीफ’ ही इलेक्ट्रिक गाडी विकायला सुरुवात केली. तिची बॅटरी थंड ठेवण्यासाठी वेगळी द्रवाची यंत्रणा नव्हती. थंड हवेच्या गावांत ती छान चालली. पण अॅरिझोना राज्यातलं फीनिक्स हे वाळवंटी शहर. तिथला उन्हाळा आपल्या विदर्भासारखाच, पारा त्रेचाळीसच्या पुढे जाणं तिथे नेहमीचंच. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथल्या मालकांच्या तक्रारी येऊ लागल्या. बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या बारा पट्ट्यांपैकी एकेक पट्टी दीड-दोन वर्षांतच विझत होती. अखेर कंपनीनं बॅटरीच्या घटत्या क्षमतेसाठी पाच वर्षं किंवा साठ हजार मैलांची हमी जाहीर केली. पुढे उष्णतेला अधिक टिकणारी बॅटरीही आणली. २०२५ मध्ये याच लीफचा तिसरा अवतार कंपनीनं दाखवला. तो आहे क्रॉसओव्हर, आणि त्याच्या बॅटरीला आता द्रवानं थंड करण्याची यंत्रणा आहे.

कारण साधं आहे. लिथियम बॅटरीला सुमारे १५ ते ३५ अंशांचं तापमान मानवतं, म्हणजे जवळजवळ आपल्याला मानवतं तेवढंच. त्याच्या वर गेल्यावर आतल्या नको त्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो आणि बॅटरी उभ्या-उभ्याही म्हातारी होत जाते. त्यात ती शंभर टक्के भरलेली असेल तर झीज आणखी जलद होते. शिवाय काहीशे किलोचं हे धूड लवकर तापत नाही, तसंच लवकर निवतही नाही. दुपारचं ऊन खाल्लेली बॅटरी रात्री दहालाही गरमच असते.

शोरूममध्ये काय विचाराल?

पहिला प्रश्न : बॅटरी हवेनं थंड होते की द्रवानं? आज आपल्याकडच्या बहुतेक क्रॉसओव्हरमध्ये द्रवाची यंत्रणा असते, पण सगळ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत ती नसते. उदाहरणार्थ, २०२३ मध्ये आलेल्या सिट्रोएन ई-सी३ ची बॅटरी हवेनं थंड होते. गावातल्या गावात, हळू चार्ज करून वापरायची असेल तर अशी गाडीही चालेल. उन्हाळ्यात लांबचा पल्ला आणि वारंवार जलद चार्जिंग करायचं असेल, तर मात्र द्रवाची यंत्रणाच हवी.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा : हा द्रव थंड कोण करतं, नुसता रेडिएटर की एसीला जोडलेला चिलर? रेडिएटर बाहेरच्या हवेवर अवलंबून असतो. हवाच ४५ अंशांची असेल तर तो द्रवाला त्याखाली कसा नेणार? चिलर एसीच्या गॅसची मदत घेऊन द्रवाला बाहेरच्या हवेपेक्षाही थंड करू शकतो. विक्री प्रतिनिधीला उत्तर माहीत नसेल तर वर्कशॉपमधल्या माणसाला विचारा, त्याला माहीत असतं.

तिसरा प्रश्न : गाडी बंद करून उन्हात उभी असताना ही यंत्रणा चालते का? काही गाड्यांत ती फक्त गाडी चालू असताना किंवा चार्जिंगच्या वेळी चालते. आपली गाडी दिवसभर ऑफिसबाहेर उघड्यावर उभी राहणार असेल तर हे माहीत हवंच.

चौथा प्रश्न बॅटरीच्या जातीचा. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी वजनाच्या मानानं थोडी कमी वीज साठवते, पण उष्णतेत ती अधिक स्थिर असते. एनएमसी, म्हणजे निकेल, मँगनीज, कोबाल्टवाली बॅटरी कमी वजनात जास्त वीज साठवते, मात्र तिला अधिक जपावं लागतं. दोन्हींच्या चांगल्या गाड्या मिळतात. आपल्या गाडीत कोणती आहे ते कळलं की तिचे लाड कसे करायचे तेही कळतं.

पाचवा प्रश्न हमीचा. ‘आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर’ हे आकडे तुम्हाला बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतील. पण हमी कशाची? बॅटरी बंद पडण्याची की क्षमता घटण्याचीही? साधारणपणे क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर कंपनी जबाबदारी घेते. ही टक्केवारी हमीपत्रात छापलेली आहे का, ते स्वतः वाचून बघा. तोंडी आश्वासनाला वर्कशॉपच्या खिडकीवर किंमत नसते.

कागदावरचे किलोमीटर

जाहिरातीतला किलोमीटरचा आकडा ठरावीक चाचणीतून आलेला असतो. त्या चाचणीत एसी बंद असतो आणि वेगही बेताचा असतो. आपण तर मे महिन्यात एसीशिवाय गल्लीच्या टोकापर्यंतही जाणार नाही. मग एसी किती वीज खातो? हा ढोबळ हिशोब पाहा.

गाडी उन्हात तापली असेल तर पहिली काही मिनिटं एसी तीन-चार किलोवॅट ओढतो. एकदा आत गारवा झाला की साधारण दीड किलोवॅटवर भागतं. समजा, बॅटरी ४५ युनिटची आहे. महामार्गावर ताशी ८० च्या वेगानं १०० किलोमीटर जायला सव्वा तास लागतो. तेवढ्यात एसी दोन युनिटच्या आत खातो, आणि गाडी चालवायला सुमारे १४ युनिट लागतात. म्हणजे एसी बंद ठेवून ३२० किलोमीटर जाणारी गाडी एसी लावून २८० तरी जाईल.

आता शहरात या. वाहतूक कोंडीत ताशी सरासरी २० चा वेग धरला तर त्याच १०० किलोमीटरला पाच तास लागतात. गाडी चालवायला ११ युनिट, पण एसीला साडेसात! एसीशिवाय जी गाडी चारशे किलोमीटर गेली असती, ती अडीचशेच्याही खाली येते. म्हणजे उन्हाळ्यात एसीचा खरा भार महामार्गावर नव्हे, सिग्नलवर पडतो.

महामार्गावर पल्ला खाणारा वेगळाच असतो, तो म्हणजे वेग. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि त्यावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. पण ८० वरून १२० वर गेलात की वाऱ्याचा विरोध सव्वादोन पट होतो. एसी बंद करून मुलांना घामाघूम करण्यापेक्षा वेग शंभरच्या आत ठेवणं शहाणपणाचं.

टेस्ट ड्राइव्ह भर दुपारी

सकाळी दहाला, शोरूमच्या सावलीत एसी लावून तयार ठेवलेली गाडी चालवून उन्हाळ्याबद्दल काहीच कळत नाही. मे महिन्यात दुपारी दोनची वेळ मागून घ्या आणि तासभर उन्हात उभी केलेली गाडी द्यायला सांगा. बंद गाडीचं आतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी सहज वाढतं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते.

सगळं कुटुंब घेऊन बसा. मागच्या सीटवर आजी-आजोबांना गारवा पोचायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. मागे एसीचे झरोके आहेत का ते पाहा. छप्पर काचेचं असेल तर त्याला पडदा आहे का, हे आवर्जून बघा. फोटोत देखणं दिसणारं काचेचं छप्पर दुपारी डोक्यावर तव्यासारखं तापू शकतं. ‘काळी फिल्म लावू’ म्हणाल, तर पुढच्या-मागच्या काचांतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायलाच हवा, असा नियम आहे.

मग तीसेक किलोमीटर फिरवा, किती टक्के बॅटरी उतरली ते लिहून ठेवा आणि लगेच जलद चार्जरला लावून एसी चालू ठेवून आत बसा. चिलर असलेल्या गाडीत एकाच कॉम्प्रेसरला माणसं आणि बॅटरी दोघांनाही थंड ठेवायचं असतं. आतला गारवा फार कमी होतो का? चार्जरच्या पडद्यावरचा किलोवॅटचा आकडा सांगितल्याइतका येतो का? बॅटरी तापली की गाडी स्वतःच्या रक्षणासाठी चार्जिंगचा वेग कमी करते. हा बिघाड नाही, पण सुट्टीच्या प्रवासात अर्ध्या तासाचा थांबा तासाभराचा होऊ शकतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

उन्हात पेट घेईल का?

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात ही शंका असतेच. २०२२ च्या उन्हाळ्यात काही इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या, तेव्हापासून ती घट्ट बसली आहे. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या नुसत्या हवेनं धडधाकट बॅटरी पेटत नाही, तिचा भडका उडायला याहून कितीतरी जास्त तापमान लागतं. सदोष सेल, आतला शॉर्ट सर्किट, अपघातातला मार, चुकीचा चार्जर ही खरी कारणं असतात. त्या घटनांनंतर केंद्र सरकारनं बॅटरीचे सुरक्षा निकष कडक केले आणि ते १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आपलं काम एवढंच की घरचा चार्जर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून, चांगलं अर्थिंग करून, स्वतंत्र वायरवर बसवून घ्यायचा. फ्रीजच्या प्लगला एक्स्टेन्शन लावून गाडी चार्ज करण्याचा मोह टाळा. गाडीच्या पोटाला जोराचा दगड लागला तर तपासून घेतल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

घरी आणल्यावर

उन्हातून आल्या-आल्या चार्जिंगला लावू नका. पहाटे पूर्ण होईल अशी वेळ लावून ठेवा, बहुतेक गाड्यांत ती सोय असते. रोजच्या वापराला ८० टक्के पुरे. एलएफपी बॅटरी अधूनमधून पूर्ण भरायला कंपनी सांगते, तेव्हा जरूर भरा, पण भरून चार दिवस उन्हात उभी करू नका. सुट्टीत गावाला जाताना बॅटरी निम्म्यावर ठेवून गाडी सावलीत लावा. निघण्याआधी दहा मिनिटं, गाडी प्लगला असतानाच मोबाइलवरून एसी सुरू करा. तो सुरुवातीचा मोठा खर्च मग बॅटरीवर पडत नाही.

इलेक्ट्रिक गाडी वजनदार असते, म्हणून टायरकडे लक्ष हवं. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की हवेचा दाब साधारण एक पौंडानं वाढतो. दाब सकाळी, टायर थंड असतानाच तपासा, आणि गरम टायरमधली हवा ‘जास्त झाली’ म्हणून सोडू नका. बॅटरीच्या कूलंटमध्ये साधं पाणी किंवा दुसरं कूलंट घालू नका, कंपनी सांगेल तेच वापरा. जुनी इलेक्ट्रिक गाडी घेत असाल तर किलोमीटरच्या आकड्याइतकंच ती कोणत्या गावात आणि कशी उभी राहायची, हे विचारा आणि बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा अहवाल मागा.

मग घ्यावी की नाही? घरी चार्जिंगची सोय आहे, सावलीतली जागा आहे, रोजचं फिरणं पन्नास-साठ किलोमीटरचं आहे, तर खुशाल घ्या. इंजिनाची धग नाही, धूर नाही आणि एसीसाठी पेट्रोल जाळावं लागत नाही. भर उन्हाळ्यात हे सुख थोडंथोडकं नाही. पण गाडी रस्त्यावर उघड्यावरच उभी राहणार असेल, घरी प्लग नसेल आणि दर आठवड्याला चार-पाचशे किलोमीटर धावायचं असेल, तर आणखी थोडं थांबा. आणि थांबायचं नसेल तर वरच्या पाच प्रश्नांची लेखी उत्तरं हातात पडल्याशिवाय चेकवर सही करू नका.